ह्यांच्या नावाचा जंतू

४ जानेवारी
...त्या सकाळी दूध उतू गेलं होतं, मी ओटा पुसत होते. हे समुद्राच्या पाण्याची बाटली खिडकीत ठेवून म्हणाले, एक जास्तीची भरली गेली, सोमवारी प्रयोगशाळेत देतो. मी म्हटलं, तिथे नको, मला भांडी वाळवायचीत. सोमवारच्या आधीच हे गेले. तीन वर्षं झाली, बाटली तिथेच आहे.
आज तळाशी पिवळा थर दिसला. घरातली सगळी पुस्तकं चाळली. असा जंतू एकाही चित्रात नाही. म्हणजे समुद्री जंतूची नवी जात.

१० जानेवारी
नणंद म्हणाली, वहिनी, पाणी नासलंय, ओतून टाक. सातवी शिकलेली. मीही सातवीच, पण मी वाचते.

१५ जानेवारी
बाटली घेऊन प्रयोगशाळेत गेले. ह्यांनी एकोणतीस वर्षं बोटीवरून पाणी भरलं, त्यावर तिथल्या शहाण्यांनी निबंध लिहिले. आभारात काय, तर ‘बोटीवरील कर्मचारी’.
नव्या डॉक्टरबाई माझ्या मुलीहून लहान. म्हणे, आजी, बाटली कधी उघडली होती का? सांगितलं, झाकणाला कुणाचा हात लागलेला नाही. आजी म्हणे. थोडं पाणी काढून दिलं, बाटली परत आणून खिडकीत ठेवली.

२८ जानेवारी
काचेच्या बशीत पिवळे ठिपके उगवले, मोहरीएवढे. जनुकं तपासायला पाठवली. माहीत असलेल्या जातींपेक्षा दीडेक टक्का तरी फरक हवा, असं बाई म्हणाल्या. दीडच? निघेल की.

६ फेब्रुवारी, दुपार
नियम वाचले. शोधणाऱ्याने जातीला स्वतःचं नाव देऊ नये. मला कुठे हवंय. ह्यांचं द्यायचं.
जिवंत नमुना दोन देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. हे एक रात्र परक्या घरी राहायचे नाहीत, झोप लागत नाही म्हणायचे. आता सवय करावी लागेल.

१९ फेब्रुवारी
मुलीला फोन केला. म्हणाली, आई, आधी निकाल तर येऊ दे. निकाल आल्यावर काय, कुणीही अभिनंदन करतं.

८ मार्च, शनिवार
निकाल आला. नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के जुळतो. माणसाच्या कातडीवर राहणारा साधा जंतू. समुद्राचा नव्हेच.
बाई म्हणाल्या, बाटली हाताळणाऱ्या कुणाच्या तरी बोटांवरून गेला असेल. मी म्हटलं, तुमच्याच पोरी हात धूत नसतील. त्यांनी चहा मागवला. मी प्यायले नाही.
ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहिते. तीन वर्षं दर रविवारी मी झाकण काढते, बोट बुडवते आणि हुंगते. बोटीवरून आले की ह्यांच्या हातांना तोच वास यायचा.
आता हे बंद. कायमचं.

९ मार्च, रविवार
सकाळी झाकण काढलं, बोट बुडवलं, हुंगलं. झाकण परत घट्ट लावलं.