पाणघोड्याला उद्देशून केलेलं भाषण

तीर्थरूप मामांना भाच्याचा आडवा पडून नमस्कार (आडवा कालपासूनच आहे, धक्का बसलाय). तुमची झोप कशी आहे? पत्र लिहायचं दोन नोकऱ्यांपासून टाळतोय. बेकरी सुटली तेव्हा लिहिणार होतो, मग बोटीवरची सुटली तेव्हा. कालचा प्रकार घडला नसता, तर ही तिसरी सुटल्यावरच लिहिलं असतं.

सध्या मी प्राणिसंग्रहालयातच राहतो आणि पाणघोड्याचं तळं धुतो. (पाणघोडा घोड्यासारखा कुठूनही दिसत नाही. नाव ठेवणाऱ्यानं बहुधा फार लांबून पाहिला असावा.) त्याला चारा घालताना सुट्टीच्या दिवशी एक निवेदक माइकवरून माहिती सांगतो. काल नेमका त्याचा आवाज बसला आणि अधीक्षक बाईंनी माइक माझ्या हातात कोंबला. मामा, दुकानात साबण मागायची लाज वाटते म्हणून नुसत्या पाण्यानं अंघोळ करणारा माणूस मी! कठड्यापलीकडे ही गर्दी, पोरं बापांच्या खांद्यावर. शेवटी सरळ लोकांकडे पाठ केली आणि रोज तळं घासताना बोलतो तसा पाणघोड्याशीच बोलायला लागलो. काय रे, कालचा कोबी का टाकलास? दीड टनाचा झालास तरी नखरे आहेतच? मग उन्हानं त्याची कातडी कशी भेगाळते, पाण्याखाली तो किती दम धरतो, खराट्यानं पाठ घासली की कसे डोळे मिटतो, हे सगळं त्याचं त्यालाच ऐकवलं. त्यानं मोठी जांभई दिली. मागे एकदम चिडीचूप. वाटलं, गेले सगळे. वळून बघतो तर एकही हललेला नाही, आणि टाळ्या! मला! मामा, मी इतका हादरलो की माइक तळ्यात पडला.

बाई नोकरी कायम करायला तयार आहेत, पण अट घातलीय. परवा सभागृहात सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर 'अबोल माणसानं भाषण कसं करावं' यावर बोलायचं. नाही जमलं तर पुन्हा रस्ता. आणि मामा, आयुष्यात पहिल्यांदाच कुठून निघावंसं वाटत नाहीये. पण माझ्याकडे युक्ती एकच, आणि ती सभागृहाच्या दारातून आत येत नाही (दार मोजून आलो).

आपला,
भाचा

ता. क. तुम्ही पहिल्या रांगेत येऊन बसाल का? काही करायचं नाही, फक्त मधूनमधून जांभई द्यायची. राग मानू नका, पण नात्यात त्या मापाचं दुसरं कुणी नाही.

ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच मामी दारात! आईनं फोनवर सांगितलं म्हणे. "तुझे मामा कुठले येतायत? घोरतायत. मी आहे ना!" अजून बॅग खाली ठेवलेली नाही आणि तोंड थांबलेलं नाही. फाटकात भेटलेल्या अधीक्षक बाईंना तिनं सांगूनही टाकलं की भाच्याची ओळख करून द्यायला आधी दोन शब्द मीच बोलणार, आणि बाई हो म्हणून बसल्या. सभागृह आम्हाला तासभरच मिळालंय. म्हणजे माझी पाळी काही येत नाही, आणि मला जमलं नाही असंही कुणाला म्हणता येत नाही. मामा, तुम्ही निवांत झोपा.