खालच्या गुड्यात रेडिओ नाई

३ नोव्हेंबर, सोमवार

घसा बसला. तरी एक ते दोन बोललीच. आजचा विषय: सासरी तुम्हाले कोणत्या नावानं हाक मारतात. एकीनं सांगतलं, लग्नाले बावीस वर्षं झाले, अजून 'गडचांदूरवाली'च म्हणतात, नवऱ्याले माहं खरं नाव आठवाले डोकं खाजवा लागते. मागून नवरा वरडला, "आठवते, आठवते, लता!" अन् तिचं नाव लता नाईच. हसता हसता उरलासुरला घसाही गेला.

मंग मिसकॉलची हजेरी. आपल्या स्टेशनची रीतच आहे, ज्यानं आयकलं त्यानं दोन वाजल्यानंतर दोन रिंगा देऊन फोन कापाचा. मी वहीत रेघा मारते. आज फोन टेबलावर थरथरत कडेपर्यंत आला, पडता पडता धरला.

गजाननभाऊ तवापासून दारातच उभे. केंद्र तेच सांभाळतात, पण असे उगाच उभे राहात नाई. म्हणाले, "वंदना, नागपूरवाले सर्वे करून राह्यले." ज्यायच्या मदतीवर हे स्टेशन चालते ते नागपूरवाले. घरोघरी माणसं पाठवतील, कोण आयकते ते लिहून नेतील. आयकणारे कमी निघाले तं जानेवारीपासून दुपारचं बोलणं बंद, त्या तासात नागपूरहून भरून आलेले कार्यक्रम. म्हणजे मी नाई.

"माही वही दाखवा न त्यायले."

"मिसकॉल नाई धरत ते. एकच माणूस दहा देते म्हणतात."

देते तं देते! ज्याच्या मनात दहा वेळा यावं त्यानं द्यावे दहा.


५ नोव्हें., बुध

ग.भाऊनं आज बजावलं, सर्वेचं रेडिओवर एक अक्षर काढाचं नाई. आधी सांगून मोजलं तं ते मोजणं नाई. मले पटलं. रागही आला. दोन्ही एकदमच.

मैनाआजीचा फोन, रोजच्यासारखा सगळ्यात शेवटी. विषय कोणताही असो, तिचं बोलणं ठरलेलं. "जोहार बाई. मी मैना. आयकून राह्यली. बरं." झालं, ठेवला. नऊ वर्षं झाले. सत्तरीच्या पुढं असन. घाटाखालच्या गुड्यात एकटी राहते, गुडा म्हणजे पंधरा-वीस घरं. पोरगा तेलंगणात मिरची तोडाले गेला तो तिकडचाच झाला. मी तिले एकदाही पाह्यलं नाई, तरी ज्या दिवशी तिचा फोन नाई त्या दिवशी मले भाकर गोड लागत नाई. हे कोणत्या फारमात बसते, विचाराले पाह्यजे नागपूरवाल्यायले.


८ नोव्हें., शनि

हे आले ऊर्जानगरहून. आठवडाभर तिकडे प्लांटवर ड्यूटी, शनिवारी गाडी काढून घरी. सर्वेचं सांगतलं तं म्हणतात, "पाच घरं आयकत असन तुले. त्यातलं एक माहं, तेही नाइलाजानं." चहा नाई दिला. मंग दिला.

भेव लागून राह्यलं, लिहून टाकते. पगाराचं नाई, शिवणाची मशीन आहे घरी, उपाशी नाई मरणार. त्या तासाचं भेव आहे. बाबा गेले तवा पाचव्या दिवशी माइकसमोर बसली होती अन् तोंडातून शब्द निघेना. तो सारा तास आयकणाऱ्यायनंच चालवला. एकामागून एक फोन, आपापल्या बापाच्या गोष्टी. कोणी मले 'धीर धरा' म्हटलं नाई. असं गाव कुठी भेटते?


११ नोव्हें., मंगळ

सर्वेवाली पोरगी केंद्रावर आली, टॅब चार्ज करू देता का म्हणून. दीक्षा नाव. आली तवा बूट पांढरे असतील, आता आपल्या मातीनं लाल. मी जेवू घातलं, वांग्याचं भरीत, भाकर. काहीच विचारलं नाई. किती कठीण गेलं ते माह्या जिवाले माहीत.

जाताना तीच म्हणाली, "ताई, त्या दुपारच्या तुम्हीच का?" म्हटलं, हो. "मी ऐकलं नाही अजून." चांगली पोरगी आहे, खोटं बोलत नाई.


१४ नोव्हें., शुक्र

कागद आला. ग.भाऊनं माह्यासमोर उलटा ठेवला अन् बाहेर जाऊन उभे राह्यले.

वरच्या पठारावरचे काही गावं बरे आहेत. खाली उतरलं की साफ. खालचा गुडा: एकाही घरी रेडिओ नाही. ऐकणारे, कोणी नाही. दोनदा वाचलं. मैनाआजीचं घर त्याच गुड्यात.

मंग ते नऊ वर्षांचे फोन कायचे होते? कोणी शिकवलं होतं का, फोन लावून असं असं म्हण म्हणून? का बिचारीले एकटीले करमत नव्हतं, कार्यक्रम नाई आयकला तरी फोन करे? एवढे वर्षं मी भिंतीसंगं बोलून राह्यली होती का? रडली नाई. घरी येऊन उगाच सगळे भांडे घासले, स्वच्छ होते तेही.


१५ नोव्हें., शनि

गाणे लावले. मधात दोन वाक्यं, वेळ सांगतली, हवामान सांगतलं. एका कापूस वेचणाऱ्या बाईचा फोन, मागं शेतातला गलका. "काय व बाई, आज बोलून काऊन नाई राह्यल्या? आमच्या हातचा कापूस सरकून नाई राह्यला."

घसा, म्हटलं.

शेवटी मैनाआजी. "जोहार बाई. मी मैना. आयकून राह्यली." मी फक्त "हूं" म्हटलं. एवढंच. ती थोडी थांबली, मंग तिनं ठेवला. त्या थांबण्यानं रात्र खाल्ली माही.


१६ नोव्हें., रवि

यांच्या गाडीवर बसून खालच्या गुड्यात गेली. हे म्हणे, "जाऊन भांडशीन का म्हातारीसंगं?" म्हटलं, चला मुकाट्यानं.

घर विचारत गेली. माहा आवाज आयकून दोन बायका दारातूनच पाहाले लागल्या, एक म्हणाली, "आवं, ही तं रेडिओची बाई!" रेडिओ नाई म्हणतात, अन् आवाजावरून ओळखतात! माहं डोकंच चालेना.

मैनाआजी बुटकीशी, हातावर गोंदण, आवाज फोनवर आहे तसाच. मले पाहून हात जोडले, मंग तोच हात माह्या गालावर फिरवला. मी ठरवून गेली होती तसं काहीच बोलली नाई. नुसतं म्हटलं, "आजी, रेडिओ कुठी आहे तुमचा?"

आजीनं इकडे तिकडे पाह्यलं. ज्वारीच्या कोठीवरचं टोपलं काढलं, हात खांद्यापर्यंत आत घातला अन् फडक्यात गुंडाळलेला रेडिओ काढला. लहान, काळा, बटणाच्या जागी काडी खुपसलेली.

"पोरगी आलती," आजी म्हणाली. "यंत्र घेऊन. घरी टीव्ही हाय का, गाडी हाय का, रेडिओ हाय का. मांगं अशेच आलते विचाराले, तं भीमाबाईनं साऱ्याले हो हो म्हटलं. वर्साभरात तिचं रेशनचं पिवळं कारड गेलं. त्यानंच गेलं का कायनं, कोनाले माहीत? म्या साऱ्या गुड्याले सांगतलं, कोनी हो म्हनाचं नाई. नाई म्हना, नाई म्हना." अन् हसली, दात नसलेलं, एकदम खूश. "एकानं बी हो म्हटलं नाई!"

मले हसू आलं अन् रडूही. आजी घाबरली. मंग मले सांगाच लागलं, ती पोरगी रेशनची नव्हती, माह्या कार्यक्रमाची होती. आयकणारे नाई निघाले तं मी बंद.

आजी खाली बसली. रेडिओ मांडीवर.

"मंग तुले म्याच बुडवलं न व माय."

"नाई जी, तुम्ही घर वाचवलं आपलं."

येताना यांनी घाट चढवला. वर आल्यावर म्हणाले, "सहा घरं झाले आता."


१७ नोव्हें., सोम

ग.भाऊले सगळं सांगतलं. त्यायनं कपाळावर हात मारला. "आपलेच लोक हो! आपण तरी काय वेगळं करतो. बीपीएलवाले आले तवा माह्या बापानं सायकल विहिरीत सोडली होती." मंग नागपूरले फोन लावला. दीक्षा म्हणाली, तिलेही ते खटकलं होतं, गुड्यात कोणाच्या तरी घरून आवाज येत होता अन् ती दारात गेली की बंद होत होता. पंचवीस तारखेले काही गावांचा सर्वे परत करणार, खालच्या गुड्याचाही. पण तिची अट, आमच्याकडून एक शब्द जायचा नाई.

मी विचारलं, "कोणी हो म्हटलं तं त्याचं नाव लिहिता का?"

"नाव, मोबाईल नंबर, हो. पण ताई, ते फक्त आमच्यापुरतं असतं."

मले तिचा विश्वास आहे. आजीले द्यायचा विश्वास माह्यापाशी नाई. उद्या दुसराच कोणी यंत्र घेऊन आला अन् कारड गेलं तं मी कोणत्या तोंडानं खाली उतरू?


२० नोव्हें., गुरु

सर्वेचं बोलाचं नाई म्हटलं तं नाई बोलली. विषय ठेवला: घरी आलेल्या माणसापासून तुम्ही काय लपवलं. बापा, बापा, बापा! फोनले दम नाई. एकीनं जावयापासून कोंबडा लपवला तं कोंबडा बाजेखालून आरवला. एकानं मोटारसायकल तुरीत लपवली, मंग त्यालेच सापडेना. ग.भाऊ काचेपलीकडून हसून हसून लाल. एवढा चांगला तास कित्येक महिन्यात झाला नव्हता.

शेवटी मैनाआजी.

"जोहार बाई. मी मैना." अन् यावेळी थांबली नाई. "म्या बी लपवलं. मी खालच्या गुड्याची मैनाबाई, माह्यापाशी पिवळं कारड हाय, त्या पोरीपाशी म्या खोटं..."

तिच्या आवाजाचं बटण खाली ओढलं मी. सारा तालुका आयकून राह्यला होता, रेशन दुकानवालाही. मी म्हटलं, "लाइन कटली वाटते आजीची." अन् गाणं.

लाइन कटली नव्हती. फोनचा लाल दिवा लागलेलाच होता. ती पलीकडे बोलत होती, मी फोन कानाले लावला नाई. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती ठरलेल्या शब्दांच्या वर बोलली, अन् मी तोंड बंद केलं तिचं. ग.भाऊ आत आले, पाठीवर हात ठेवला, गेले.

मी बरोबर केलं. बरोबरच केलं. मंग असं का वाटून राह्यलं?


२२ नोव्हें., शनि

काल नाई. आज नाई. शेवटी दोन मिनिटं फोन मोकळा ठेवला, गाणं लांबवलं. दुसऱ्यायचे आले. तिचा नाई.

यांनी विचारलं, काय झालं. सांगतलं. म्हणाले, "मंग तू कर न फोन. नेहमी तिनंच कायले कराचा?" कधी कधी शहाण्यासारखं बोलते माणूस. पण माही हिंमत नाई झाली.


२४ नोव्हें., सोम

आजही नाई आला.

संध्याकाळी पाच वाजता केंद्रावर कोणी नव्हतं. मशीन बंद, माइक बंद. माह्या मोबाईलवरून लावला. दोन रिंगांत उचलला.

"आजी, मी वंदना."

"माहीत हाय."

"त्या दिवशी लाइन कटली नव्हती. मी कापली."

"थेही माहीत हाय. माहा रेडिओ चालूच होता न व. म्या बोलून राह्यली अन् रेडिओत गानं." अन् लगेच, "राग आलता. दोन दिस लावलाच नाई रेडिओ. आज लावला. फोन नाई केला, तुले वाटू दे म्हटलं थोडं."

वाटलं, म्हटलं. लय वाटलं.

मंग तीच म्हणाली, उद्या पोरगी परत येते म्हणे, कोतवाल सांगून गेला. "तिले काय सांगू?"

हो सांगा म्हटलं तं नागपूरची अट मोडली, अन् वरून तिच्या कारडाची जोखीम माह्या अंगावर. नाई सांगा म्हटलं तं मीच नाई. असा प्रश्न आजपर्यंत कोणी विचारला नाई मले, अन् रोज एक तास मी लोकायले प्रश्न विचारते.

"आजी, मी नाई सांगत. तुमचं घर, तुमचं तोंड."

"मंग तू कायले हायस?"

"मी... बोलाले."

ती हसली. "मंग बोल. मी पीठ भिजवून राह्यली, भाकरी टाकाच्या हायेत. फोन चुलीपाशी ठेवते, मोठा आवाज करून. तू बोल."

काय बोलू, विषयच नव्हता. बाबाचं सांगतलं. लग्नात माही चप्पल हरवली होती ते सांगतलं. मी चहा नाई दिला तवा यांनी तोंड कसं केलं होतं ते. पलीकडून भाकर थापल्याचा आवाज येत होता, मधून "हूं". आमचं मशीन बंद होतं, रेडिओचा टॉवर बंद होता, कोणत्याच कागदात हे येणार नाई. तीन भाकरी होईपर्यंत बोलली.

उद्या दीक्षा सकाळी अकरा वाजता खालच्या गुड्यात उतरते.