अनंताखालची माती

दहिसर,
१६ जानेवारी २०२५

प्रिय शमू,

तुला आणि राजेशला आशीर्वाद. माझा गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. इमारतीतली निम्मी बिऱ्हाडं गेली. पुढच्या महिन्यात पाडायला घेणार. माळ्यावर तुझी शाळेची निळी रिबन सापडली, धुऊन ठेवली आहे.

रविवारी तू खुरपं घेऊन येणार म्हणालीस, अंगणातल्या अनंताच्या झाडाखालची माती तुझ्या मुलुंडच्या कुंडीत न्यायला. तीनदा फोन केला, पण तुझा आवाज ऐकला की मी भाजीचंच बोलत बसते. म्हणून हे पत्र.

शमू, त्या मातीत बाळाची नाळ नाही. कधीच नव्हती.

सहा वर्षांपूर्वी बाळंतपणात तुला ऑपरेशनला आत नेलं, तेव्हा तळमजल्यावरची जान्हवी प्रयोगशाळेचा फॉर्म घेऊन आली होती. "मावशी, नाळ फेकूनच देतात गं. आम्हाला संशोधनाला दे ना." सही बाळाच्या आईची हवी होती. ती मी केली, तुझ्या नावाने. आपल्या दोघींचं अक्षर शाळेत एकाच सिस्टर ॲग्नेसने घोटून घेतलेलं. तुझी सही मला न बघता येते. आनंदाच्या घाईत वाटलं, त्यात काय एवढं.

दुसऱ्या दिवशी बाळ गेलं. तू विचारलंस, "आई, नाळ तरी पुरलीस ना आपल्या रीतीनं?" मी हो म्हटलं. "कुठे?" डोळ्यांपुढे अनंत आला.

तेव्हापासून येशील तेव्हा तू त्याला पाणी घालतेस, आणि मी वरून बघत उभी राहते.

मंगळवारी कांजूरमार्गला जान्हवीच्या प्रयोगशाळेत गेले. त्या नाळेतल्या पेशी जिवंत आहेत गं. गोठवून ठेवलेल्या, उबेत आणल्या की भांड्याच्या तळाला चिकटून बसतात आणि दीड-दोन दिवसांत दुप्पट होतात. त्यांच्यापासून हाड होतं, कूर्चा होते. परक्याच्या शरीरातही सहसा भांडत नाहीत. मी विचारलं, "त्याचं काही आहे का यात?" जान्हवी म्हणाली, "मावशी, हे बाळ नाही. वेडी आहेस का?" मग तिचेच डोळे भरले.

मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. लांबट, बारीक, सगळ्या एका दिशेला, ओल्या फणीने विंचरल्यासारख्या. मला त्याचं जावळ दिसलं. तेव्हापासून जेवताना, देवापुढे बसताना वाटतं, तिकडे काहीतरी वाढतंय आणि त्याला घरचं कुणीच माहीत नाही.

त्या पेशींची एक कुपी उरली आहे. ठेवायची की नष्ट करायची, हे बाळाच्या आईनं लिहून द्यायचं असतं. कोरा फॉर्म सोबत आहे. माझ्या हाताला सवय आहे, तरी पेन लावलेलं नाही.

रविवारी आलीस तर दार उघडंच असेल. नाही आलीस तरी अनंताला पाणी मी घालीन.

तुझी सही तुला परत करणारी,
आई