टाळ वाजतच राहिले

तीर्थस्वरूप नंदाअक्कास,
धाकट्या कल्याणचा नमस्कार.

दिवाळीत तू म्हणालीस, "माळकऱ्याला मनाची गोळी कशाला? बिलकुल घेऊ नको. देवाचं नाव घे, मंग बराबर वाटंल." मी मान हलवली, पण गोळी सोडली नाही.

कंपवात वाढतोच आहे. तो बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. पण त्याच्या जोडीनं आलेली उदासी या गोळीनं उतरली. हात थरथरतो म्हणून मी भजनाला जाणंच सोडलं होतं. घरी नाव घ्यायचो, पण मन त्यात नसायचं.

काल एकादशीला गेलो. अभंग संपला, सगळ्यांचे टाळ थांबले, माझे वाजतच राहिले. पखवाजावरचा शिवाजी म्हणाला, "अण्णा, देवाला ऐकू गेलं, आता राहू द्या की." सगळे हसले. अक्का, मीही हसलो, आणि पुढच्या अभंगाला पुन्हा टाळ घेतले.

हे पत्र टाकणार नाही. माझं वाकडं झालेलं अक्षर पाहून तू रडशील. चतुर्थीला राजूरला येशील, तेव्हा गणपतीच्या तीर्थासोबत तुझ्यासमोरच गोळी घेईन. तीर्थ सांडू नये म्हणून तेवढा माझा हात धर.

तुझा,
कल्याण