पेद्दासारच्या मिशा

४ ऑगस्ट, सोमवार
फळ्याचे कापडी कप्पे उसवले होते, परत शिवले. वरचा ‘आले’, खालचा ‘नाई आले’. कावेरी शाळेत आली का आधी सगळ्यायचे फोटो कप्प्यात टाकते, मंगच चप्पल काढते. उलटं झालं का रडून गाव गोळा करते. आठ वर्षांची पोर, बोलत नाई, पन हजेरी एकदम पक्की. आमचे हेडमास्तर पेद्दासार तिरुपतीले गेलेत, त्यायचा फोटो खाली. फोटो टाकला का हे बाई गेटपाशी जाऊन उभी. ओढून आनता आनता माझा दम निघते. मदतनीस म्हनून घेतलं मले, पहिलवान म्हनून नाई.

जाता जाता सार म्हनले, ही पोरगी कोनाले वळखत नाई, घरीच बरी, हप्त्यातून एकदा कोनी जाऊन शिकवीन. पुढच्या गुरुवारी, १४ले शिक्षण खात्याचे साहेब येनार ठरवायले. घरी बसवली म्हंजे तिच्या मायचं वावरातलं निंदन बंद, अन् पोरीचं सगळंच बंद. डोकं भनभनून राह्यलं.

७ ऑगस्ट
सार आले. डोक्स्यावर केस नाई. अन् मिशा बी देवाले देऊन आले!! लाडू वाटला.
कावेरीनं त्यायले नीट पाह्यलं. ‘पाहुने’वालं कार्ड उचललं (खुर्ची अन् गिलास, मीच काढलेलं), वर टाकलं. सारले खुर्ची दिली, पानी दिलं. मी शिकवलं तस्संच. सारचा फोटो मात्र खालीच. मी पदर तोंडात कोंबला.

८ ऑगस्ट
आज बी पाहुने. सारनं सोताच आपला फोटो वर टाकला. तिनं काढून खाली. त्यायनं वर. तिनं खाली. सारा वर्ग पाहून राह्यला. मी म्हनलं, सार, काजळानं मिशा काढू का? म्हनले, माझी काही इज्जत हाय का नाई.

११ ऑगस्ट, सोमवार
सारनं ऑफिसचं दार लावून मले बोलावलं. काजळ आन म्हनले. डावी बाजू जाडी झाली, माझा काय दोष, सार हालत होते.
कावेरीनं पाह्यलं अन् फ्रॉकच्या टोकानं पुसून टाकल्या. भात वाढनारी बाई हसून हसून खालीच बसली. सार दुपारून बाहेर निघाले नाई. मले आता हसू येत नाई. साहेब गुरुवारी...

१४ ऑगस्ट
साहेब आले. पाह्यते तं काय, साहेबाले मिशा, अन् त्या बी सारसारख्याच! मी म्हनलं मेली. आता हे पोरगी ह्यायलेच सार करते, अन् वळखत नाई यावर शिक्का बसते.
कावेरी जवळ गेली. मिशांकडं लय वेळ पाह्यलं. मंग कार्ड उचललं: पाहुने. खुर्ची, पानी. सार अन् साहेब शेजारी शेजारी बसून मुकाट पानी पेले. कावेरी गेली गेटपाशी.
साहेबानं विचारलं, कुठं चालली?
मले राहवलं नाई. “पेद्दासारची वाट पाहून राह्यली, साहेब. ते गेले तेव्हापासून रोज उभी राह्यते.”
सार खालीच पाहत होते. मंग हळूच म्हनले, “माझी?”
साहेबानं आपल्या मिशांवरून हात फिरवला. म्हनले, सारच्या उगवू द्या, मंग येतो, तेव्हा ठरवू. मी न्हानीत जाऊन रडली.

१९ ऑगस्ट
सार ओठावर खोबरेल चोळतात. सकाळी कावेरीच्या बाजूले गेटपाशी उभे राह्यतात. आता दोघं मिळून पेद्दासारची वाट पाह्यतात.

२९ ऑगस्ट
मिशा आल्या. पन पांढऱ्या! फोटोत काळ्याभोर. इतके वर्षं कलप लावत होते, आता साऱ्या शाळेले मालूम. काल मले बाजूले घेऊन विचारलं, लावू का? मले काय ठाव, म्हनलं. एकदा काजळाचा हात भाजलेला हाय.
आज न लावताच आले. सोमवारी साहेब येनार.
कावेरीनं बोट लावून पाह्यलं. खरखर लागलं तसं मागं घेतलं. परत लावलं. फळ्यापाशी गेली, खालच्या कप्प्यातून सारचा फोटो काढला. वर नाई टाकला. हातात घेऊन उभी, एकदा फोटो पाह्यते, एकदा सार. चप्पल पायातच.
सार श्वास धरून उभे. मी बी.
घंटी झाली तरी कोनी हाललं नाई.