साडूच्या ॲपमधली रिकामी जागा

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी लॅपटॉप अपडेटला लावून चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. ज्योती फोनवर बहिणीशी बोलत होती. फोन ठेवून म्हणाली, "अजून दोन गावाईनं विलासभाऊचं ॲप घेतलं मनते. पाच गावं झाले. पेपरात फोटो आला त्याईचा."

विलास म्हणजे माझा साडू, करडी गावचा. ज्योतीच्या धाकट्या बहिणीचा, कल्पनाचा नवरा. या फाईलमध्ये पुढे नुसतं वि. लिहीन. पूर्ण नाव टाइप करायला बोटं तयार नाहीत.

त्याचं ॲप! तलावाचं पाणी सोडलं की कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, किती वेळ, कोणाची पाळी कधी, हे काढून देणारा प्रोग्राम मी लिहिला. तीन हिवाळ्यांमागे, इथं अड्याळला, शाळेच्या लॅबमध्ये बसून, आमच्या तलावासाठी. कोड सगळ्यांना खुल्या असलेल्या एका साइटवर ठेवला तोही मीच, आणि खाली लायसन्समध्ये 'कोणीही घ्या, बदला, वाटा' असं लिहिलं तेही मीच. वि.नं घेतलं. मोबाइलवर चालेल असं केलं, हिरवा रंग फासला, वर धानाच्या लोंबीचं चित्र लावलं. आयत्या बिळावर नागोबा.

अपडेटनंतर वायफाय गेलं. दिवसच तसला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

उद्याच्या झेंड्याची तयारी. लॅब पुसून घेतली. बारा मशीन, सगळी भंगारात निघाली होती. फुकट मिळणारं लिनक्स टाकून मी चालू केली, चार वर्षं झाली, अजून चालतात. मुलं त्यावर मराठी टायपिंग शिकतात. याचा फोटो कुठल्या पेपरात आला नाही. मी कोणाला सांगितलंही नाही म्हणा. पण सांगायला कशाला हवं? दिसत नाही का लोकांना?

मधल्या सुट्टीत वि.चं ॲप फोनमध्ये घेतलं. नुसतं पाहायला. चांगलं आहे. (हे वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं.) अक्षरं मोठी, म्हाताऱ्यांना वाचता येतील अशी. माझ्या प्रोग्रामला काळी खिडकी होती, आकडे टाइप करावे लागायचे. आमच्या तलावाच्या पाणी संस्थेच्या अध्यक्षांना त्याची भीतीच वाटायची, म्हणून मीच यादी काढून छापून द्यायचो.

मग 'माहिती' नावाचं बटण दाबलं. तिथं लिहिलंय, 'मूळ प्रोग्रामचा कर्ता :' आणि पुढे काहीच नाही. कोरी जागा.

माझ्या लायसन्सची एकच अट आहे, मूळ कर्त्याचं नाव राहू द्या. तेवढंही त्याला जड झालं! तळपायाची आग मस्तकात गेली. सातवीच्या तासाला उगाच ओरडलो.

२४ ऑगस्ट, रविवार

पोळा आटोपून सासुरवाडीला, बपेऱ्याला. दोन्ही जावई एकत्र. सासूबाईंनी माझ्या ताटात वडा वाढला आणि बोलल्या वि.बद्दल. "आमच्या विलासरावाचा फोटो पायला का जावईबापू? पेपर ठेवला मी कपाटात." पेपर काढून दाखवलासुद्धा. फोटोत वि. तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, उभा आहे, हातात मोबाइल, जसा तलाव त्यानंच खोदला.

सासरे म्हणाले, "तुमीबी कंप्युटरमंदीच आहात ना जी?" तेरा वर्षं झाली शाळेत कंप्युटर शिकवतो आहे. तुमीबी!

हात धुताना वि. जवळ आला. आवाज बारीक करून म्हणाला, "भाऊ, मी तिकडे लिहून ठेवलं होतं. साइटवर. तुमी पायलं का?"

मला वाटलं, ॲपचं कौतुक करून घ्यायचंय. म्हटलं, "हो, पाहिलं."

"मंग?"

"पाहू."

तोंड उतरलं त्याचं. मला बरं वाटलं. लिहून ठेवतो, खोटं बोललो. काहीच पाहिलेलं नाही. साइटचे ईमेल मी दोन वर्षांमागे बंद केले. तो ॲप करतोय अशी पहिली बातमी आली, त्याच आठवड्यात.

२ सप्टेंबर, मंगळवार

उघाड. आठ दिवस पावसाचा थेंब नाही. रोवणी झालेली, बांध्या सुकायला लागल्या. सगळीकडे तलावाचं पाणी सोडताहेत.

शाळेनंतर वि.ला पत्र लिहायला बसलो. सभ्य पण टोचेल असं. लायसन्समधलं माझ्या नावाचं वाक्य जसंच्या तसं उतरवून द्यावं, म्हणजे त्याला बोलायला जागा राहणार नाही, म्हणून माझी मूळ फाईल उघडली.

तिथं चौकोनी कंसात, इंग्रजीत, 'इथे आपले नाव लिहा' असं आहे.

लायसन्सचा तयार मजकूर मिळतो, तो मी तेव्हा चिकटवला आणि पुढे गेलो. नाव टाकलंच नाही. साइटवरची माझी ओळखही कसली, शाळेचं आद्याक्षर आणि लॅबच्या खोलीचा नंबर. मुलांना दरवर्षी सांगतो, फॉर्म भरून झाला की वरून खाली एकदा वाचा, नाव राहिलं की फॉर्म रद्द. आणि मी!

पत्र पुसून टाकलं. राग मात्र गेला नाही, हे विशेष. चूक माझी आणि राग त्याच्यावर, असं झोपेपर्यंत चाललं. त्याला दिसलं नसेल का? डोळे आहेत ना? विचारता येत नव्हतं?

९ सप्टेंबर, मंगळवार

कल्पनाचा फोन ज्योतीला. करडीला भांडण. तलावाचं पाणी दोनदा सोडलं, दोन्ही वेळा मधेच पावसाची सर आली म्हणून बंद केलं. आता तिसऱ्यांदा सोडलं, तर भांडणापायी तेही मधेच बंद पडलं. वरच्या बांध्यांना तिन्ही वेळा पाणी आणि शेपटाच्या, पाटाच्या पार टोकाच्या बांध्यांना एकदाही नाही. ॲप दर वेळी यादी वरूनच सुरू करते.

ज्योती सांगत होती आणि मला पहिल्या वाक्यातच समजलं. ती चूक वि.ची नाही. माझी आहे.

माझे वडील आमच्या तलावाचं पाणी सोडायचे. पाऊस आला, पाणी बंद केलं, की जिथं पाणी थांबलं त्या बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, ते एक काठी रोवायचे, वर लाल चिंधी. पुन्हा पाणी सोडलं की सुरुवात त्या काठीपासून. कोणी काठी हलवली तर गावात जेवायला बसता येत नसे त्याला. हे सगळं मी लहानपणी पाहिलं, आणि प्रोग्राम लिहिताना काठीच विसरलो. पाणी थांबलं की माझा प्रोग्राम सगळं विसरतो आणि पहिल्या नावापासून मोजतो.

मागच्या खरिपात आमच्याकडे हेच झालं. यादी मी स्वतःच छापत असल्यामुळे लगेच दिसलं. त्याच दिवशी दुरुस्त केलं, अकरा ओळी. त्या अकरा ओळी माझ्या लॅपटॉपवर आहेत, साइटवर नाहीत.

नेट नव्हतं असं लिहिणार होतो. पण ही माझीच रोजनिशी, इथं कोणाला फसवू? नेट होतं. वि.चं ॲप तेव्हा तीन गावांत गेलं होतं, आणि मला वाटलं, सगळं मीच कायले देऊ?

१० सप्टेंबर, बुधवार

खरं सांगायचं तर काल गोड वाटलं. आता पेपरात येऊ दे फोटो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गोडी उतरली.

करडीला वि.च्या बांध्या वरच्या अंगाला आहेत, तलावाला लागून, यादीत दुसऱ्या नंबरवर. आजोबांपासून तिथंच आहेत. पण लोक म्हणताहेत, यानं ॲपच असं बनवलं की पाणी आधी याच्याच धानाला. कल्पना दळण घेऊन चक्कीवर गेली, तर बायका बोलायच्या थांबल्या. एकवीस तारखेला, रविवारी, गावाची सभा आहे. वि.ला जाब विचारणार.

ज्योती फोन ठेवून माझ्यासमोर येऊन बसली. "तुमी एकडाव पाहत काहून नाई?"

म्हटलं, "दुसऱ्याचा कोड आहे. आपण कसा हात लावायचा?"

"दुसऱ्याचा कवापासून झाला? महिनाभर तर माझा माझा करून राहिले होते!"

भाजी जळायला लागली म्हणून ती उठली. मी स्क्रीन पुसत बसलो. स्वच्छच होती.

१४ सप्टेंबर, रविवार

करडीला जाऊन आलो. ज्योतीला म्हटलं भंडाऱ्याला रॅम पाहायला जातो. तिनं विचारलं नाही की रॅम पाहायला रविवारी कोणतं दुकान उघडं असते.

तलावाच्या पाळीवरून सरळ शेपटाला गेलो. शेवटच्या बांधीत सुमनबाई म्हणून एक म्हातारी होती. धान पिवळं पडायला लागलेलं, मातीला भेगा. बोट जाईल एवढ्या. मला ओळखत नव्हती. म्हणाली, "तुमी सरकारी का जी? लिहून घ्या मंग. तो विलास पोरगा चांगला होता. मोबाइलनं बिघडवला त्याले."

मी म्हटलं, मोबाइल नाही बिघडवत कोणाला. आणि पाटाकडे वळलो.

मग वि. दिसला. एकटाच, पाटाजवळ, कागदावर काहीतरी मांडत होता. मला पाहून दचकला. "भाऊ, तुमी?" मग घाईघाईनं, "मी काही केलं नाई जी. तीन दिवस झाले कोड पाहून राहिलो, मले चूक सापडूनच नाई राहिली. तुमी तरी सांगा, मी असा आहो का?"

चूक कुठं आहे ते मला पाठ होतं. ओळ नंबरसकट. आणि मी म्हणालो, "घरी जाऊन पाहतो."

येताना भंडाऱ्याच्या पुलावर गाडी थांबवून उगाच उभा राहिलो. स्वतःची लाज वाटली. तरी परत फिरलो नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

पहिला तास रिकामा. दार लावून अकरा ओळी साइटवर चढवायला बसलो. बऱ्याच दिवसांनी आत गेलो, पासवर्ड दोनदा चुकला.

माझ्या प्रोग्रामच्या पानावर एक खूण होती. एक प्रश्न, उत्तर न दिलेला, पावणेदोन वर्षांपूर्वीचा. वि.चा.

'भाऊ, लायसन्समध्ये तुमचं नाव टाकायचं राहिलं दिसते. मी याचं मोबाइल ॲप करून राहिलो आहे. तुमचं नाव कसं लिहू? पूर्ण लिहू, की शाळेत लिहिता तसं? तुम्हाला न विचारता लिहिणं बरं नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत जागा रिकामी ठेवतो.'

खाली तीन महिन्यांनी, 'भाऊ?'

त्याखाली यंदाच्या पोळ्यानंतरच्या आठवड्यातलं, 'तुम्ही पाहू म्हणाले म्हणून वाट पाहतो आहे.'

तास संपल्याची घंटा झाली. मुलं दारावर थापा मारत होती. उघडलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

अकरा ओळी पाठवल्या. सोबत एवढंच लिहिलं, 'पाणी थांबलं तिथून पुढे मोजणे.' अर्ध्या तासात वि.नं त्या ॲपमध्ये घेतल्या. दुपारी कल्पनाचा फोन, पाणी थांबलं होतं तिथून पुढे, शेपटाच्या बांध्यांना सुरू केलं. सगळ्यात सुकलेली म्हणून सुमनबाईची बांधी पहिली.

पीक कितपत वाचेल माहीत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

वि.चा फोन. आधी आभार, मग इकडचं तिकडचं. मग म्हणाला, "भाऊ, त्या ओळींवर तारीख मागच्या सालची आहे."

ती असते. कमिटची तारीख, म्हणजे ओळी लिहून नोंदवल्याचा दिवस, पाठवल्याचा नाही. तेरा वर्षं शिकवतो आणि हे लक्षात आलं नाही.

त्यानं विचारलं असतं की तेव्हाच काहून दिलं नाही, तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर आणखी बरं. तो म्हणाला, "रविवारी सभेत मले सांगाच लागन, चूक कोनाची होती. मी मनतो माझी होती. ॲप तर माझ्याच नावानं चालते ना. पन तुमी नाव टाकता का जी आता तिथं? सभेत सगळे ते माहितीचं बटन दाबून पाहतीन."

म्हटलं, "सांगतो."

त्याला पुन्हा टोलवलं. पाहू, पाहतो, सांगतो. एवढंच येतं मला.

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळची शाळा. घरी आलो, जेवलो, बसलो.

दोन वर्षं नावासाठी जळलो, महिनाभर त्या एका जागेसाठी. वडिलांच्या नावासकट, पूर्ण नाव हवं होतं, पाच गावांत. आता ते टाकलं की उद्या सभेत लोक बटण दाबतील, नाव वाचतील, आणि विचारतील, हाच का तो, ज्याची चूक होती? असं कोणी सरळ विचारलं तर वि. काही लपवणार नाही, त्याला ते येतच नाही. नाही टाकलं, तर तो माझी चूक स्वतःची म्हणून सांगेल. सुमनबाई म्हणेल, बिघडलाच होता. आणि मला कोणी ओळखणार नाही.

याबद्दलसुद्धा त्याचा हेवा वाटतो. 'माझी होती' हे इतक्या सहज त्याला म्हणता येतं.

ज्योती विचारून गेली, उद्या करडीला कितीला निघायचं. म्हटलं, आठला. मी जाणार हे तिनं धरूनच ठेवलंय.

लायसन्सची फाईल उघडी आहे. चौकोनी कंस काढला. नाव टाइप केलं, आधी माझं, मग वडिलांचं, मग आडनाव. तीनदा वाचलं, बरोबर आहे. सेव्ह केलं.

पाठवायचं बटण दाबायचं आहे. नेट चालू आहे.