जॉइसबाईंचं दुसरं फाटक

ब्लिनमन, ९ जून १९८७

ती. एनिडताईस क्लॅरीचा सा. न. वि. वि.

आमचं चाकांवरचं घर डोंगरांत सुखरूप पोचलं. आतली भांडी इतकी आदळतात की डॉट म्हणते, बाहेरच्याला वाटेल नवराबायकोचं जुंपलंय. समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून एक बोट उचलून ओळख दाखवतो. मी काल एका कांगारूलाही बोट उचललं.

आज सकाळी वाट तुझ्या नणंदेच्या, जॉइसबाईंच्या कुरणातून होती. घरी गेलो नाही. रॉसदाजींच्या अंत्यविधीला सख्खी बहीण असून त्या फिरकल्या नाहीत, म्हणून तू अकरा वर्षं त्यांच्याशी बोलत नाहीस, मग आम्ही कशाला चहा प्यावा? पण एक सत्कृत्य केलं. त्यांचं दुसरं फाटक कोणा आळशाने सताड उघडं टाकलं होतं. मी ते लावून वर तार पिळली. डॉट राहू दे म्हणत होती, पण चाळीस वर्षं टपालात काढली. उघडं पाकीट दिसलं की चिकटवायची सवय.

गाडीतली तिसरी खाट रिकामीच आहे. आमच्यासोबत न येण्याचा तुझा हट्ट कधी सुटणार? उत्तर कॉप्लीच्या टपाल कचेरीत टाक. तुझा लोभ आहे तो तसाच राहो.

तुझा,
क्लॅरी

क्वॉर्न, १० जून

चि. क्लॅरीस अ. उ. आ.

समोर असतास तर आशीर्वादाऐवजी कान पिळला असता. अरे दीडशहाण्या, फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. ते उघडं होतं कारण पाण्याचा हौद पलीकडे आहे! चारशे मेंढ्या तहानेने मेल्या असत्या.

पत्र वाचलं आणि उभ्याउभ्या फोन लावला. अकरा वर्षांनी जॉइसला पहिलं काय बोलले, तर माझ्या गाढव भावाने तुझं दुसरं फाटक लावलंय. तिने एक सणसणीत शिवी हासडली आणि रिसीव्हर तसाच टाकून पळाली. मी मात्र ठेवला नाही, तासभर कानाला लावून बसले. जाळीचं दार वाऱ्याने आपटत होतं. तेच दार, रॉसने दहादा दुरुस्त केलेलं. मी खूप रडले रे.

ती धापा टाकत आली. म्हणाली, सगळ्या वाचल्या, आणि तू अजून आहेस होय? मी म्हटलं, आहे. मग आम्ही दोघी थंडीबद्दल बोललो.

पत्र मिळताच मागे फिर आणि तिची माफी माग. माझा लोभ आहेच, तुझी अक्कलही वाढो.

तुझी,
एनिडताई

जॉइसबाईंचा ओटा, १४ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

माफी मागितली. जॉइसबाईंनी आधी अख्खा हौद माझ्याकडून घासून घेतला, मग मटण वाढलं. वर म्हणाल्या, टपालातल्या माणसाला परत यायची वाट सापडली हेच नवल.

जेवताना त्या डॉटला आपणहून म्हणाल्या की रॉसच्या अंत्यविधीला त्या निघाल्या होत्या. काळे कपडे घालून त्याच फाटकापर्यंत आल्या. त्या दिवशी ते लावलेलं होतं. उतरून उघडायला हातच उचलेना, म्हणून परतल्या. हे एनिडला कुठल्या तोंडाने सांगू, म्हणाल्या आणि उठून गेल्या.

गुरुवारी तुला न्यायला येतोय. पुढची जागा तुझी, म्हणजे रिवाजाप्रमाणे फाटकं उघडायला उतरायचं तुलाच. पहिल्याशी उतर. दुसऱ्याशी उतरू नकोस, तिथे जॉइसबाई स्वतः उभ्या असणार आहेत.

लोभात आता आणखी एकीला जागा कर.

तुझा,
क्लॅरी